मामी, तुझा पासवर्ड नोटपॅडमध्ये दिसतोय

पत्र थोडं कमी करून देतोय, बाकी शब्द ताईंचेच आहेत.

"दादा, मी कोपरखैरणेला राहते, वन बीएचके आहे, घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि मुलगा. लॅपटॉप एकच, विंडोज ११ होम, सगळे एकाच अकाउंटवरून वापरतात. मी घरून पाच-सहा दुकानदारांचं जीएसटी आणि रिटर्नचं काम करते, त्यांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं त्याच्यात आहे. शिवाय माझी एक डायरी आहे, वर्डमध्ये लिहिते. व्हिडिओ बघून एक लॉकर डॉट बॅट नावाची फाइल बनवली, फोल्डर गायब व्हायचा आणि पासवर्ड टाकला की परत यायचा, मी खूश. नणंदेचा मुलगा घणसोलीहून दर शनिवारी येतो, नववीत आहे, त्याने ती फाइल राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली आणि मोठ्याने म्हणाला, मामी तुझा पासवर्ड इथे लिहिलाय. मग जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, मामी तू परत नोकरी धरणार आहेस का? ते मी फक्त डायरीत लिहिलं होतं. मिस्टर चिडले नाहीत पण म्हणाले, घरात काय लपवायचं असतं? मला एवढंच सांगा, फोल्डरला पासवर्ड लावायचं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?"

ताई, आधी त्या बॅट फाइलचं सांगतो कारण ती विंडोज एक्सपीच्या जमान्यापासून फिरतेय आणि अजून लोक फसतात. ती फाइल फोल्डरला कुलूप लावतच नाही. ती काय करते तर फोल्डरचं नाव बदलून कंट्रोल पॅनल आणि पुढे कंसात एक लांबलचक कोड असं ठेवते, म्हणजे विंडोजला वाटतं हे कंट्रोल पॅनलच आहे, आणि मग त्याला हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारते. आतल्या फाइलींना हातसुद्धा लागत नाही, त्या होत्या तशाच पडलेल्या असतात. आणि तुम्ही टाकलेला पासवर्ड बरोबर आहे का हे तपासायला तो कुठेतरी लिहिलेला असायला हवा ना, तर तो त्याच फाइलमध्ये साध्या अक्षरात लिहिलेला असतो. म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली त्याच कडीला दोऱ्याने बांधून ठेवली. भाच्याने काही हॅकिंग बिकिंग केलेलं नाही, त्याने फक्त दोरा बघितला.

नौपाड्यात माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान होतं तेव्हा याच फाइलपायी वेगळीच माणसं यायची, बॅट फाइल चुकून डिलीट झाली आणि फोल्डर कायमचा गेला म्हणून रडकुंडीला आलेली. फोल्डर कुठे जात नाही, व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू केले आणि ऑप्शन्समधली प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवायची टिक काढली की समोर दिसतो, मग नाव बदललं की झालं. पाच मिनिटांचं काम असायचं.

आता तुमचा प्रश्न. फोल्डरवर राइट क्लिक करून पासवर्ड लावायची सोय विंडोजमध्ये नाहीच. प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड इथे एनक्रिप्ट कन्टेन्ट्स असं काहीतरी दिसतं खरं, पण तुमच्या होम एडिशनमध्ये ते फिकट असतं, टिक होत नाही. प्रो घेतलंत तरी तुमचं काम होणार नाही, कारण ते तुमच्या अकाउंटला बांधलेलं असतं, त्या अकाउंटमध्ये जो बसलाय त्याला न विचारता उघडून देतं, आणि तुमच्याकडे तर सगळे एकाच अकाउंटमध्ये बसतात. बाजारात फोल्डर लॉक टाइपची सॉफ्टवेअर्स ढिगाने मिळतात, त्यातली काही खरं एनक्रिप्शन करतात (ते काय ते पुढे सांगतो), काही फक्त लपवतात, आणि वरून बघून तुम्हाला-मला फरक कळत नाही. एक गृहस्थ आले होते त्यांची ट्रायल संपली आणि फोल्डर आतच राहिला, आता पैसे भरा म्हणे. म्हणून मी असलं विकत घ्यायला सांगत नाही.

सॉफ्टवेअरच्या आधी एक ठरवा, कुणापासून लपवायचंय? कारण प्रत्येकासाठी कुलूप वेगळं लागतं. नववीतला पोरगा वेगळा, लॅपटॉप रिपेअरला दिला तर तिथला माणूस वेगळा, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये रॅकवर बॅग विसरली तर ती ज्याला सापडेल तो आणखी वेगळा.

भाच्यासाठी, सासूबाईंच्या यूट्यूबसाठी आणि मुलाच्या शाळेसाठी एकच उपाय, वेगळं अकाउंट. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिथे ॲड अकाउंट. ते ईमेल मागेल, तर या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची ओळ खाली असते ती दाबा, मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर बनवायचा पर्याय येतो. नाव ठेवा 'घर', आणि ते स्टँडर्ड ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको, ॲडमिन असला की दुसऱ्याच्या फोल्डरवर कन्टिन्यू दाबून आत जाता येतं. सध्याचं अकाउंट तुमचं, त्याचा पासवर्ड आणि पिन दोन्ही बदला, आणि पिन म्हणून गाडीचा नंबर नको, तो तर सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा पाठ असतो. खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची, एवढी सवय लावून घ्या, कुकरची तिसरी शिट्टी बंद करायला गेलात तरी. याने आणखी एक होतं, वर्डच्या रीसेंट लिस्टमध्ये आणि फाइल एक्सप्लोररच्या पहिल्या पानावर तुमच्या डायरीचं नाव जे सगळ्यांना दिसत होतं ते दिसायचं बंद होईल, याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

पण इथे आपल्या लोकांची एक खोड आड येते. सी ड्राइव्ह उडाला तर काय म्हणून आपण वर्षानुवर्षं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवतो. वेगळ्या अकाउंटचं संरक्षण सी ड्राइव्हमधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरला असतं, म्हणजे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स वगैरेंना. डी ड्राइव्ह सहसा सगळ्या अकाउंटना उघडा असतो. त्यामुळे अकाउंट वेगळं करून डायरी डीमध्येच ठेवलीत तर पुढच्या शनिवारी परत तेच.

घरातल्यांसाठी इतकं खरं तर पुरे आहे. पण तुमच्याकडे दुसऱ्यांचे पॅन-आधार आहेत, आणि विंडोजचा पासवर्ड हा दारावरच्या राखणदारासारखा आहे, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की राखणदाराला विचारतो कोण? म्हणून तिथे खरं एनक्रिप्शन लागतं, म्हणजे फाइलमधला मजकूरच असा कालवून टाकायचा की पासवर्डशिवाय त्यातून काही वाचता येणार नाही.

जुन्या वर्षांच्या फाइली, ज्यांची कामं संपलीत पण टाकता येत नाहीत, त्यांच्यासाठी सेव्हन झिप वापरा. फुकट आहे, १९९९ पासून आहे. फोल्डरवर राइट क्लिक, शो मोअर ऑप्शन्स, सेव्हन झिप, ॲड टू आर्काइव्ह. फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, पासवर्ड दोनदा टाका, आणि खाली एनक्रिप्ट फाइल नेम्स अशी टिक आहे ती विसरू नका. ती नसली तर पासवर्ड नसतानाही आतल्या फाइलींची नावं दिसतात, आणि फाइलीचं नावच जर अमुक स्टोअर्स नोटीस असं असेल तर मग आत काय उरलं, झाकली मूठ सव्वा लाखाची ती मूठ झाकलेलीच पाहिजे. साध्या झिप फॉरमॅटमध्ये करणार असाल तर एनक्रिप्शनच्या जागी झिपक्रिप्टो असतं ते बदलून एईएस-२५६ करा, झिपक्रिप्टो जुनं आणि कच्चं आहे. विंडोजच्या स्वतःच्या कॉम्प्रेसमध्ये पासवर्ड टाकायची सोय नाही, तिथे शोधत बसू नका.

रोजच्या कामाला मात्र सेव्हन झिप गैरसोयीचं. आतली एक्सेल डबल क्लिक करून उघडलीत की ती आधी टेम्प फोल्डरमध्ये उघडी करून ठेवली जाते, आणि मध्येच लाइट गेली, बॅटरी संपली की ती उघडी कॉपी तिथेच पडून राहू शकते. शिवाय दिवसातून दहा वेळा काढा-घाला कोण करणार, चौथ्या दिवशी तुम्ही कंटाळून सगळं डेस्कटॉपवर ठेवाल, मला माहितीये, मीही ठेवलं होतं.

तर रोजचं काम आणि डायरी यांच्यासाठी व्हेराक्रिप्ट. हेही फुकट. आधी ट्रूक्रिप्ट नावाचं होतं, मे २०१४ मध्ये ते बनवणाऱ्यांनी अचानक हे आता सुरक्षित समजू नका असं साइटवर लिहून बंद केलं, त्याच्याच पायावर हे उभं आहे. यात तुम्ही एक फाइल बनवता, समजा ५ जीबीची, बाहेरून बघितलं तर काहीच अर्थ नसलेली, पण व्हेराक्रिप्टमधून पासवर्ड टाकून माउंट केली की माय कॉम्प्युटरमध्ये नवीन ड्राइव्ह दिसतो, पेन ड्राइव्ह लावल्यासारखा. त्यात नेहमीसारखं काम करा, सेव्ह करा, काम झालं की डिसमाउंट, नव्या व्हर्जनला तेच बटण अनमाउंट नावाने असेल. ड्राइव्ह गायब, परत ती बिनअर्थाची फाइल.

बनवताना क्रिएट व्हॉल्यूम, मग पहिला पर्याय, फाइल कंटेनर, म्हणजे तीच बिनअर्थाची फाइल. खाली पार्टिशन, ड्राइव्ह असे पर्याय असतात तिकडे अजिबात जाऊ नका, तिथे चूक झाली तर अख्खा ड्राइव्ह पुसला जाईल. सिलेक्ट फाइल म्हणेल तेव्हा नवीन नाव टाइप करा, आहे ती एक्सेल फाइल दाखवू नका, लोक तेच करतात, त्यांना वाटतं आपली फाइल लॉक करतोय आणि ती फाइल जाते आणि तिच्या जागी रिकामा कंटेनर येतो. पुढे एईएस वगैरे आहे ते तसंच राहू द्या. शेवटी माउस हलवायला सांगतं तिथे मनसोक्त हलवा, तो खेळ नाही, त्या हलवण्यातूनच ते किल्ली बनवायला लागणारे यादृच्छिक आकडे गोळा करतं.

दोन बारकावे सांगतो जे मला ठेच लागून कळले. लॅपटॉपचं झाकण लावलं म्हणजे डिसमाउंट झालं असं नाही, ड्राइव्ह तसाच उघडा राहू शकतो. प्रेफरन्सेसमध्ये ऑटो-डिसमाउंटच्या टिका आहेत, पॉवर सेव्हिंगमध्ये गेल्यावर आणि इतकी मिनिटं वापर नसेल तर, त्या करून घ्या. दुसरं म्हणजे कंटेनर गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून बॅकअप होतोय असं समजून मी निवांत होतो, पण व्हेराक्रिप्ट कंटेनरची बदलल्याची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं, त्यामुळे सिंक करणाऱ्याला वाटतं काही बदललंच नाही आणि तो नवीन कॉपी चढवतच नाही. प्रेफरन्सेसमध्ये प्रिझर्व मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्पची टिक काढली की हे थांबतं. किंवा सरळ दर रविवारी डिसमाउंट करून फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करा, फक्त पेन ड्राइव्ह जुन्या एफएटी-३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, त्याला एक्सफॅट करून घ्या, आधी आतलं सगळं काढून. आणि कॉपी ठेवाच, कारण कंटेनर वाचता येत नसला तरी कुणीही डिलीट करू शकतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. २०१२ मध्ये मी आईचे फोटो, तिच्या आवाजातल्या दोन-तीन रेकॉर्डिंग्ज, असं सगळं एका ट्रूक्रिप्ट फाइलमध्ये ठेवलं. लपवायचं काही नव्हतं हो, नवीन खेळणं होतं, मला येतं हे मलाच दाखवायचं होतं. पासवर्ड असा भारी ठेवला की कुणाला सुचणार नाही. २०१५ मध्ये ती गेली आणि तेराव्याला फोटो हवा म्हणून ती फाइल उघडायला बसलो आणि मलाच सुचला नाही. दोन रात्री बसून करून बघितलं, कॅपिटल करून, आकडे उलटे करून, शेवटी भावाच्या लग्नाच्या अल्बममधून फोटो काढून मोठा केला. ती फाइल माझ्याकडे अजून आहे. इथे फरगॉट पासवर्ड नसतं, ओटीपी नसतो, कंपनीला फोन नसतो, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातला, लॅमिंग्टन रोडवरचा कितीही जुना माणूस धरलात तरी तो चहा पाजून परत पाठवेल. भाच्याने डायरी वाचल्याचं दुःख मला कळतंय, पण दुकानात पंधरा-वीस वर्षं बसून मी जे बघितलं त्यात कुणी वाचलं म्हणून आलेले कमी होते, आणि स्वतःचंच उघडत नाही म्हणून आलेले खूप.

म्हणून पासवर्ड कागदावर लिहा. हो, कागदावर. भाचा नोटपॅड उघडेल, सासूबाईंच्या कपाटातला आतला खण उघडेल का?

आणि पासवर्ड असा घ्या जो लांब असेल पण तुमच्या तोंडात बसेल, व्हेराक्रिप्ट २० अक्षरांपेक्षा कमी दिलात तर कुरकुर करतंच. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको, भाच्याने वाचलेला तसाच होता असं तुम्ही पुढे लिहिलंयत. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घ्या, घावन, बोहारीण, उंबरठा, टोलनाका, कोरांटी असे, हेच नाही घ्यायचे, हे आता छापून आले. टाइप इंग्रजी अक्षरांतच करा, देवनागरी कीबोर्ड दुसऱ्या मशीनवर असेल नसेल. पण आपले शब्द इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग प्रत्येक वेळी बदलतं, उंबरठ्यात यू की ओ, ठ्याला एच एक की दोन, म्हणून कागदावर शब्द नाही, अक्षरंच्या अक्षरं लिहा, जशी टाइप केलीत तशी.

कंटेनर दोन करा, कामाचा वेगळा आणि डायरीचा वेगळा, पासवर्डही वेगळे. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, जबाबदारी दुकानदाराची असली तरी नोटीस आली की तो फोन तुम्हालाच करणार. उद्या तुम्ही आजारी पडलात, माहेरी असलात तर मिस्टरांना तो कामाचा डबा, म्हणजे कंटेनर, उघडता आला पाहिजे, त्याचा पासवर्ड पाकिटात घालून त्यांना देऊन ठेवा. डायरीचा कुणालाच नाही.

क्लायंटच्या ई-आधारबद्दल एक. ती पीडीएफ पासवर्डवाली असते म्हणून लोक ती कुठेही टाकतात, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, हे सगळ्या देशाला माहितीये, आणि नाव बऱ्याचदा फाइलीवरच लिहिलेलं असतं. ती उघडी आहे असंच समजा आणि डब्यात टाका. एक्सेलमध्येही प्रोटेक्ट शीट म्हणजे कुलूप नाही, ते फक्त चुकून कुणी फॉर्म्युला उडवू नये म्हणून आहे. खरं कुलूप फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एनक्रिप्ट विथ पासवर्ड, दुकानदाराला मेल करताना ते लावा आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

लॅपटॉपच चोरीला गेला तर काय, त्यासाठी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एनक्रिप्शन, म्हणजे अख्खी डिस्कच कालवून ठेवायची सोय, दिसतंय का बघा, काही लॅपटॉपना असतं, काहींना नसतं. असेल आणि चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप चालू केला त्यात असते, ती आजच प्रिंट काढून ठेवा. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी लॅपटॉप चालू करणारा आतला प्रोग्राम, अपडेट झालं की निळ्या पडद्यावर ती मागू शकतं, आणि तेव्हा कळतं की ते अकाउंट दुकानदाराने त्याच्याच ईमेलने बनवलं होतं.

मिस्टरांच्या प्रश्नाचं काय? कामाच्या फाइलींचं उत्तर सोपं आहे, त्या घरातल्या नाहीतच, त्या लोकांनी विश्वासाने दिलेल्या आहेत, त्यांना कुलूप हा धंद्याचा भाग. डायरीचं म्हणाल तर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, पण तो निकाल मुख्यतः सरकारसमोर धरायचा, जेवणाच्या ताटावर काढू नका, भांडण होईल. त्यांना एवढंच विचारा की आईंच्या कपाटाच्या आतल्या खणाची किल्ली कधी मागितलीत का, त्यात काय आहे ते विचारलंत का? चारशे-साडेचारशे फुटांत चार माणसं राहतात तिथे प्रत्येकाचा एक खण असतोच, कुणाचा देवघराखाली, कुणाचा ऑफिसच्या बॅगेत. तुमचा ५ जीबीचा आहे. नोकरीचं मात्र त्यांच्याशी बोला, ते आता टेबलावर आलंच आहे आणि चिडले नाहीत म्हणताय, अशी संधी परत येत नाही.

शनिवारच्या आत करायचं असेल तर आज अकाउंट वेगळं करा, उद्या दोन कंटेनर. फाइली आत कॉपी करा, मूव्ह नको. मग दोन-तीन दिवस रोज लॅपटॉप पूर्ण बंद करून, चालू करून, कागद न बघता पासवर्ड टाकून बघा उघडतंय का. तीन वेळा नीट उघडलं की मगच जुना फोल्डर शिफ्ट-डिलीट, रीसायकल बिन रिकामी, डाउनलोड्समध्ये आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरात त्याच फाइलींची पिल्लं पडलेली असतील तीही काढा.

लॉकर डॉट बॅट मात्र डेस्कटॉपवर राहू द्या. एडिट करून पासवर्डच्या जागी लिहा, 'येताना दोन किलो कांदे आणि मामीसाठी सुतरफेणी'. शनिवारी तो उघडून बघणारच आहे.